मागे बसणाऱ्याचा सूर

मिरजेच्या एसटी स्टँडवर मी वडिलांना जे बोललो, ते बोलायला नको होतं. ही गोष्ट मी बायकोलाही बरीच वर्षं अर्धीच सांगितली होती. आज पुरती लिहितो. तुमच्यातले काही तिकडे राहिले, काही माझ्यासारखे इकडे परदेशात आले. निघताना जिभेवरून काहीतरी सुटून गेलं, असं दोन्हीकडच्यांना आठवत असेल.

१९८१चा जून होता. मुंबईची गाडी लागली होती, तिथून पुढे परदेशाचं विमान होतं आणि आई मेतकुटाची बरणी बॅगेत नीट बसते का ते पुन्हा पुन्हा बघत होती. अण्णा, म्हणजे माझे वडील, शाळेत गाणं शिकवायचे आणि आसपासच्या गावांत बैठकी करायचे. मी शाळेत असल्यापासून त्यांच्या मागे तंबोरा घेऊन बसत आलो होतो. मला स्वतःला गायचं होतं, पण त्यांनी कधी पुढे बसवलं नाही. बैठक सुरू करताना फक्त मान वळवून म्हणायचे, "तू मागे आहेस ना? मग झालं."

त्या दिवशी त्यांनी हसत विचारलं, "आता माझ्या मागे कोणाला बसवू, ते तरी सांगून जा."

मी म्हणालो, "कोणालाही बसवा. चार तारा छेडायला काय अक्कल लागते? आयुष्यभर तुमची पाठ बघत बसायला मी मोकळा नाही."

माझ्या बॅगेचा पट्टा सैल झाला होता, तो अण्णांनी घट्ट केला. मग गाडी सुटली.

न्यूयॉर्कपासून तासाभरावर, प्रिन्स्टन जंक्शनजवळच्या एका लॅबमध्ये मला नोकरी होती. राहायला थिओच्या घराची वरची खोली मिळाली. थिओचे आईवडील ग्रीसहून आलेले, तो मात्र इथेच जन्मलेला. दिवसा हायस्कूलच्या मुलांचा बँड शिकवायचा, पण त्याचा जीव होता ऑर्थोडॉक्स चर्चच्या जुन्या गाण्यात. तरुणपणी न्यूयॉर्कच्या एका ऑर्केस्ट्रात सहायक कंडक्टरची जागा मिळत असताना ती सोडून तो गावच्या चर्चचा कॉयर, म्हणजे गाणाऱ्यांचा संच, चालवायला आला होता. त्या चर्चने इतर चर्चचं बघून हौसेने ऑर्गन घेतला होता. थिओने आल्या आल्या तो बंद करून टाकला. "ज्याला श्वास घ्यावा लागत नाही, त्याने प्रार्थना कशी म्हणायची?" असं तो म्हणायचा. यावर अर्धा कॉयर रुसून निघून गेला. उरलेल्यांना घेऊन त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. शनिवारी गाडी काढून लांबच्या लहान लहान चर्चमध्ये फुकट शिकवायला जायचा. त्याची बायको म्हणायची, थिओचं लग्न दोन ठिकाणी झालंय आणि माझा नंबर दुसरा.

गुरुवारी खाली प्रॅक्टिस असायची. पहिल्याच गुरुवारी जमिनीतून एक खर्जाचा सूर वर आला आणि मी जिन्यात येऊन बसलो. एकजण गातोय आणि खाली दोघं-तिघं एकच सूर धरून आहेत. तंबोराच तो, फक्त माणसांच्या गळ्यातला. त्याला ते इसोन म्हणतात. थिओने मला जिन्यात पाहिलं, गायला लावलं आणि चर्चच्या फादरची परवानगी काढून मला कॉयरमध्ये घेतलं.

घेतलं ते इसोनलाच. सातासमुद्रापार येऊन मी परत कोणाच्या तरी मागे उभा. हसू आलं आणि रागही आला.

तीन वर्षांत थिओच्या सगळ्या चाली मला पाठ झाल्या. गुड फ्रायडेच्या संध्याकाळी फुलांनी सजवलेल्या देव्हाऱ्यासमोर थिओ एक लांब चाल गात होता. इसोनचा दुसरा माणूस आजारी, म्हणून मी एकटाच. मधेच मला राहवलं नाही. मी खालचा सूर सोडला आणि त्याच्याबरोबर वरची चाल गाऊ लागलो. एकच ओळ. थिओचा आवाज डगमगला, उतरला आणि थांबला. मी घाईघाईने सूर परत धरला, मग तो पुढे गाऊ शकला.

घरी जाताना गाडीत मी शिव्या खायच्या तयारीत बसलो होतो. तो शांतपणे म्हणाला, "तू छान गातोस, मला माहीत आहे. ज्याला गाता येत नाही त्याला मी इसोन देत नाही. मला मागे वळून बघता येत नाही ना, म्हणून ज्याच्यावर भरवसा आहे त्याला देतो."

मला अण्णांची मान वळवायची सवय दिसत होती.

आईच्या पत्रांतून एवढं कळत होतं, की अण्णा आताशा बाहेर गात नाहीत. मिरजेत फोन होता तो शेजारच्या काकूंकडे. तिथे अख्ख्या घरासमोर काय बोलणार? "तब्येत कशी आहे" यापुढे मी कधी गेलो नाही. भित्राच होतो.

१९८७च्या उन्हाळ्यात आईअण्णा माझ्याकडे आले. तोवर लग्न झालं होतं, वेस्ट विंडसरला अपार्टमेंट होतं. थिओच्या प्रॅक्टिसला अण्णांना नेलं, मी नेहमीसारखा इसोनला उभा राहिलो. डोळे मिटून त्यांनी सगळं ऐकलं आणि जाताना मला मराठीत म्हणाले, "गाणारा चांगलाच आहे. पण सूर धरणारा जरा जास्त चांगला आहे." थिओने अर्थ विचारला. मी पहिलं वाक्य तेवढं सांगितलं.

मग जवळच्या एडिसन गावातल्या माझ्या मित्रांनी अण्णांची बैठक ठरवली. दिवाणखान्यात चटया, किचनमध्ये साबुदाणा खिचडी. थिओ आणि त्याची बायकोही आले होते. तंबोऱ्याऐवजी कोणीतरी तंबोऱ्याचा सूर देणारी नवी इलेक्ट्रॉनिक पेटी आणली होती. "अण्णा, आता मागे माणूस लागत नाही, बटण दाबलं की झालं," मित्र कौतुकाने म्हणाला. अण्णांनी मान डोलावली. पेटी सुरू झाली. त्यांनी सवयीने मान मागे वळवली, तिथे भिंत होती.

मी उठलो, पेटी बंद केली आणि त्यांच्या मागे जाऊन मांडी घातली. तंबोरा नव्हता. थिओने शिकवला तसा पोटातून श्वास घेतला. पण सूर लावण्याआधी ते बोलायचं होतं. सहा वर्षं राहून गेलेलं, आणि आता सगळ्यांसमोर.

"अण्णा, स्टँडवर मी बोललो ते चुकलं. तुम्ही मला कशासाठी मागे बसवत होता, ते तेव्हा मला कळलं नाही. मला माफ करा. मी मागे आहे, तुम्ही गा."