यानाबाहेर राहिलेला माणूस

बोरी अरबजवळच्या बंजारा तांड्यातील रुपीबाई वयाच्या बासष्टाव्या वर्षी प्रौढवर्गात अक्षरे शिकली. दोन वर्षांनी तिने वर्गाच्या कपाटातून एक जाड कादंबरी उचलली. मुखपृष्ठावर काळे आभाळ होते आणि त्यात काचेचा टोप घातलेला एक माणूस तरंगत होता.

"याडी, हे अवकाशातलं हाय. सोपं काही न्या ना," शिकवणाऱ्या साधनाताई म्हणाल्या. तांड्यात आईला याडी म्हणतात, म्हणून त्याही तसेच म्हणत.

"सोपं वाचाले आता उमर कोठी राह्यली, ताई?"

वर्गाचा नियम असा होता की पुस्तक परत करताना सर्वांपुढे उभे राहून अभिप्राय वाचावा. त्यामुळे रुपीबाई रोज दुपारी निंबाखाली बसून, शब्दाखाली बोट धरून, दोन पाने नेमाने वाचू लागली.

कादंबरीत यानात बिघाड होतो. कप्तान आपल्या सोबत्याला दुरुस्तीसाठी बाहेर पाठवतो. दोर तुटतो. सोबती अंधारात दूर वाहत जातो, पण त्याचा आवाज रेडिओवर येतच राहतो. तो आवाज सोसवेना, म्हणून कप्तान रेडिओ बंद करतो.

तेथे रुपीबाईचे बोट थांबले. आठ दिवस ते पान उलटले नाही.

पाच वर्षांपूर्वी बोंडअळीने कहर केला होता. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडे, माणसाच्या डोक्यावर गेली होती. रुपीबाईनेच धाकट्या भावाला, खेमसिंगला, निरोप धाडला होता : माझ्या वावरात फवारणी करून दे. खेमसिंग दिग्रसकडच्या आपल्या तांड्यातून आला. यानातल्या माणसाला काचेचा टोप होता; खेमसिंगच्या तोंडाला नुसता दुपट्टा होता. औषधाचे विष नाकातोंडात जाऊन संध्याकाळी त्याची नजर धूसर झाली. चौथ्या दिवशी दवाखान्यात त्याने प्राण सोडला.

मयत झालेल्या घरी जाऊन, बायकांनी एकमेकींच्या गळ्यात पडून, सूर लावून रडण्याची तांड्याची रीत आहे. रुपीबाई गेली नाही. कोणत्या तोंडाने जाणार? खेमसिंगची बायको लालीबाई हिचा फोन महिनाभर येत राहिला. मग रुपीबाईने सुनेला तो नंबर बंद करायला सांगितला.

अभिप्रायाच्या दिवशी ती वर्गापुढे उभी राहिली. "कप्तानाने रेडिओ बंद करायला नको होता," एवढे तिने वाचले. पुढे लिहिलेले असूनही तिला वाचता येईना.

"काहून थांबल्या, याडी?" साधनाताईंनी विचारले.

"ताई, तो माणूस अजून बोलून राह्यला असंल."

दुसऱ्या सकाळी तिने दिग्रसची एसटी धरली.

लालीबाई अंगणात तूर पाखडत होती. तिने सूप खाली ठेवले नाही.

"पाच वर्सं रस्ता सापडला नाही का बाई?"

"लाली, मीच बलावलं होतं त्याले."

"मले नाही माहीत? मी काय भांडाले फोन करत होती?" लालीबाईने तोंड फिरवले. "त्याचा निरोप होता तुह्यासाठी. दवाखान्यात सारखा एकच बोले. बाईले सांगजो, बांधाकडच्या दोन ओळी फवाराच्या राह्यल्या."

रुपीबाई तिथेच बसली. लालीबाईने सूप बाजूला ठेवले, तिच्या गळ्यात हात टाकले आणि पाच वर्षे अडलेला तो सूर आधी लालीबाईनेच लावला. शेजारणी दारात येऊन उभ्या राहिल्या. कोणीही मध्ये पडले नाही.

घरी परतल्यावर रुपीबाई थेट वावरात गेली. बांधाकडच्या पऱ्हाटीजवळ उभी राहून तिने हाक दिली, "ऐकू आलं रे भाऊ."

पऱ्हाटीतून वारा सरसरत राहिला. रुपीबाई मात्र, तिकडून काही उत्तर येईल म्हणून, बराच वेळ तेथून हलली नाही.