गाडीच्या छतातलं पिवळं भुसकट

आमच्या पोरीला दम लागतो. नऊ महिन्यांची हाय, छातीत शिट्टी वाजाय लागली की तिच्या बरगड्या आत आत जात्यात, मला बगवत न्हाई. तिच्या डॉक्टरीणबाई बावधनला, आन आमच्या गावातनं एसटी दिवसातनं दोनदाच, म्हणून आमच्या ह्यांनी जुनी गाडी घेतली. इकणारा म्हणला, लई दिवस लवासाच्या अंगाला बंद उभी व्हती, बाकी काय न्हाई. बाकी काय न्हाई म्हणला तितंच माझ्या मनात आलं, काय तरी हाय.

ऊन वाढलं तसं गाडीच्या छताचं कापड सुटलं. आतनं झोळीवानी लोंबाय लागलं, काच खाली केली की वारं शिरून फुगायचं, आन मागं बसलं की डोस्क्याला लागायचं. ह्यांनी माझ्या साडीच्या पिना टोचल्या. मी म्हणलं, पोरीच्या डोळ्यात पडंल एकादी. मंग डिंकाची बाटली आणून चिकटवलं, दोन दिवसात परत खाली, आन आता त्यातनं पिवळं भुसकट गळाय लागलं. पोरीच्या टोपडीवर पण पडलेलं. डॉक्टरीणबाईंनी धुळीत नेऊ नका म्हणून बजावलेलं, आन हितं धूळ आमच्याच डोस्क्यावर टांगलेली.

पौडला रस्त्याच्या कडंला एक सीटकव्हरवाला हाय, त्याच्याकडं गाडी नेली. पोरगी आत्याजवळ ठेवली. आत्या म्हंजी माझी सासू. हे मला तितं सोडून कामाला गेले. एकट्याच्या ताब्यात गाडी द्यायची न्हाई असं माझंच म्हणणं व्हतं.

त्यानं दिवा काढला, धरायच्या मुठी काढल्या, दाराची रबरं सोडवली, आन छताचा अख्खा पुठ्ठा डिकीतनं बाहेर वढाय लागला.

"आवं दादा, बाहेर कशाला? आतच चिकटवा की."

"वहिनी, अंगात सदरा असताना टाके घालता का तुमी?"

"घालते की. दातात काडी धरून."

लई हसला. "मंग गाडीच्या दातात कुटली काडी देऊ?"

मला हसू आलं न्हाई. कारन पुठ्ठा उलटा केला आन पुढच्या कडंला मला तपकिरी डाग दिसला, हातभर. मला वाटलं, ह्या गाडीत कोण तरी गेलंय, रगात हाय हे, आन मी लेकराला ह्यात निजवते. बोट दावून म्हणलं, "ह्ये काय हाय?"

"पाणी पाझरलंय. काचंचं रबर गेलंय."

"कशावरनं?"

त्यानं माझ्याकडं बगितलं, पाण्याचा डबा उचलला, पुढच्या काचंवर वरनं पाणी सोडलं आन म्हणला, बसा आत. मी बसले. त्याच जाग्यावर पत्र्याच्या कडंनं एक थेंब आला, लोंबला, माझ्या मांडीवर पडला. दुसरा आला. तवा जीव भांड्यात पडला. तरी मनात म्हणलं, ह्याला आदीच ठावं कसं?

"कापड खाली का येतंय बगा," म्हणला. त्यानं जुन्या कापडावर नख मारलं, आतला स्पंज पिठावानी उडाला. "स्पंज सडलाय. तुमी डिंक लावला तो पुठ्ठ्याला न्हाई, ह्या भुसकटाला लागला. समदा खरवडल्याबिगर नवं कापड धरायचं न्हाई."

समदा म्हणला, पर खरवडणार का हा? मी गेल्यावर अर्दं ठेवलं तर? तो जेवाय गेला तसा मी त्याचा तारंचा ब्रश घेतला, पदर नाकाला बांधला, आन पुठ्ठा मांडीवर घिऊन घासाय बसले. तो परत आला तवा माझं समदं खरवडून झालेलं.

"वहिनी, दुकान तुमीच घ्या," म्हणला. "पर अंग झाडा आदी, हळद लागल्यावानी दिसताय."

मी वरवर झाडलं. काचंला त्यानं नवं रबर चिकटवलं. कापड उद्या लावतो, रबर वाळू दे, पुठ्ठा हितंच राहू दे म्हणला. हा पुठ्ठा बदलंल असं मला वाटलं, म्हणून तो वळल्यावर मी पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात काजळाची तीट लावली. वळखायला पण झाली आन नजरंला पण.

दिवस कलायच्या आत हे आले. नुसत्या पत्र्याच्या गाडीत बसून आमी घरी आलो, तर पोरगी रडतीया आन आत्या तिला घिऊन दारात.

"आदी पाय धू, मंग घे लेकराला."

ही आमच्याकडची रीत हाय, बाहेरनं आलं की हातपाय धुवायचं, घटकाभर बसायचं, मंगच तान्ह्याला हात लावायचा. रोज मी करते. त्या दिवशी मला वव्याचा वास आला. डॉक्टरीणबाईंनी धुरी देऊ नका म्हणून सांगितलं तरी ही म्हातारी माघारी देतीया, असं मला कवाचं वाटायचं. मी पोरगी हिसकावूनच घेतली. पदराखाली घेतली, पाजाय बसले.

जरा येळानं तिनं तोंड सोडलं. शिट्टी सुरू झाली. बरगड्या आत गेल्या.

"धुरी दिली नव्हं? दिली नव्हं तुमी?" मी वरडले.

"भाजीला ववा टाकलाय मी," आत्या म्हणली. मंग तिनं माझा पदर धरला, उलटा केला. आतनं समदा पिवळा. पोरीच्या नाकाला, वठाला, मानंच्या वळीत तेच भुसकट. "आन ह्ये काय हाय गं?"

ह्यांनी गाडी काढली. आत्यानं पोरीचं तोंड वल्या फडक्यानं पुसलं आन तिला आपल्या मांडीवर घेतलं. मी मागितली न्हाई. वर नुसता पत्रा खडखडत व्हता, मी मोजत व्हते तिचे श्वास, चुकत व्हते, परत मोजत व्हते.

बावधनला वाफंचं मशीन लावलं. डॉक्टरीणबाईंनी इचारलं, "आज धूर, धूळ, काही नवीन झालं का? खरं सांगा, त्यावर औषध ठरवायचंय."

हे माझ्याकडं बगाय लागले. आत्या भिताडाकडं. मला बोलता आलं असतं, सासू धुरी देती म्हणून. त्यांनी मानलं पण असतं.

"माझ्या पदरातनं गेलं," मी म्हणलं. "गाडीच्या छताचा सडका स्पंज. मी हात न धुता घेतली."

दोन येळा वाफ दिल्यावर शिट्टी बसली. मी तितल्या नळाखाली कोपरापतूर हात धुतलं, साडीवरनं अंगभर डॉक्टरीणबाईंनी दिलेली चादर गुंडाळली. जाताना मी पुढं बसले, पोरगी मागं आत्याच्या मांडीवर निजली. चांदणी चौक गेला, घाट आला, मी मान वळवून तिचं पोट वरखाली व्हतंय का ते बगत व्हते.

"पुढं बग," आत्या म्हणली. "मान आखडंल. मी हाय नव्हं."

व्हय म्हणलं. पर बगत ऱ्हायले.