माझ्या एकट्याच्या बँडचे ड्रमर

कसं सांगू, आठवलं तरी डोकं तापतं. आणि तापून उपयोग काय? ज्याच्यावर ओरडावं तो माणूस शेवटी मीच निघतो. बसा, चहा घ्या, आणि मध्ये हसू नका. हसालच म्हणा, पण कप खाली ठेवून हसा.

तर माझा एक हेवी मेटल बँड आहे. बँड म्हणजे मी. गिटार मी, बास मी, घसा फाडून ओरडणारा मी. ड्रम्स तेवढे कॉम्प्युटरवर, माउसने एकेक ठोका बसवून केलेले. तेही मीच केलेले. बदलापूरला, शिरगावच्या आमच्या फ्लॅटमध्ये खिडक्यांना गोधड्या बांधून कित्येक महिने रेकॉर्डिंग केलं. वरच्या मजल्यावरच्या काकू दोनदा लिंबू-साखरेचं पाणी घेऊन आल्या, घरात कोणाला तरी उलट्या होतायत म्हणून.

मला राग फार येतो हो. बंद लिफ्टचा येतो, न आलेल्या टँकरचा येतो, पार्किंगमध्ये आडव्या लावलेल्या स्कूटरचा तर विचारूच नका. लोक भांडतात, मी गाणी केली. अल्बमचं नाव ‘सगळे जळा’. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी पूर्ण केलं होतं आणि त्यावर माझं नाव लागणार होतं. मला बाकी काही नको होतं. नाव!

इंटरनेटवर टाकला, पण हातात धरायला सीडी हवी. आता सीडी कोण घेतं, असं म्हणू नका, मेटलवाले घेतात. कव्हर छापायला उल्हासनगरला हरेशभाईंकडे गेलो. हरेशभाई म्हणजे लग्नपत्रिकावाले. त्यांनी माझा मजकूर वाचला, चष्मा वर केला.

“साईं, बँड में एक ही आदमी? बाकी लोग भाग गये क्या?”

मी समजावलं. पण त्यांच्याकडे चार फोटोंचं डिझाइन तयार होतं, आणि तीन चौकोन रिकामे ठेवले तर पब्लिक म्हणेल की आतल्या आत भांडणं झाली, असं त्यांचं मत. पत्रिकेत नातेवाइकांची नावं कमी पडली तर लोक असंच बोलतात म्हणे.

इथे मी माती खाल्ली. दोन चौकोनांत गावाकडच्या काकांचे फोटो दिले, त्यांना इथे कोण ओळखतंय? आणि ‘ड्रम्स’च्या वर बाबांचा. बाबा अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीतून रिटायर झालेत. पेन्शनसाठी काढलेला फोटो, फ्लॅश पडल्यामुळे डोळे वटारलेले. खोटं कशाला बोलू, मेटलला शोभत होता.

सीडी छापून आली, तेच कव्हर इंटरनेटवरही लावलं. कमेंट आल्या. सगळ्या ड्रम्सवर! ड्रमर राक्षस आहे, ड्रमरचे पाय धरावेत, असा ड्रमर असताना हा गायक कशाला ठेवलाय. मी फोन गादीवर आपटला. भिंतीवर आपटणार होतो, पण हप्ते चालू आहेत. मग अंबरनाथ पूर्वेच्या एका मुलाने आपल्या पेजवर बाबांचा फोटो टाकला, की बघा, या वयात हा वेग! तो फोटो फिरत फिरत आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला.

पहिल्या दिवशी बाबा म्हणाले, मी कुठे वाजवतो, काहीतरी घोटाळा आहे. दुसऱ्या दिवशी बागेच्या कट्ट्यावर कोणीतरी त्यांच्यासोबत सेल्फी काढला. घरी आले, चप्पल काढली, मला हाक मारली.

“अरे, त्या लिफ्टच्या गाण्यात मी सुरुवातीला घाई केलीय का रे?”

“बाबा, तुम्ही नाही केली. मी केली!”

“तेच म्हणतोय. एवढं चिडतोस काय?”

सांगा, चिडू नको तर काय करू? आईसुद्धा त्यांना दुधात हळद घालून द्यायला लागली, खांद्यासाठी!

आणि मग सोसायटीच्या वर्धापनदिनाला बाबांचा सत्कार ठरला. गेटवर फ्लेक्स. त्यावर वटारलेले डोळे दारापेक्षा मोठे, खाली ‘आमचे ज्येष्ठ ड्रमर’. माझं नाव? कुठेच नाही. उलट चेअरमन कदमकाका मला म्हणाले, नुसता उभा आहेस तर खुर्च्या मांड. मी मांडल्या. माझ्या अल्बमच्या सत्काराला मी खुर्च्या मांडल्या!

बाबांना शाल घातली, नारळ दिला. कदमकाका आरतीच्या आवाजात म्हणाले, “यांच्या ‘सगळे जळा’ या कलाकृतीमुळे सोसायटीचं नाव उज्ज्वल झालं.” झालं, माझी सटकली. खुर्ची टाकली, स्टेजवर चढलो, माइक ओढला. म्हटलं, हे सगळं मी एकट्याने केलंय, ड्रम्ससुद्धा मीच केलेत, बाबांनी काठीसुद्धा उचललेली नाही!

कार्यक्रमाला कुळगावची बँजो पार्टी बोलावलेली, त्यांचा ड्रम मागेच मांडलेला. कदमकाकांनी शांतपणे तिकडे हात केला.

“मग वाजव की.”

आता तरी सांगावं ना माणसाने, की बाबांनो, ते कॉम्प्युटरवर केलेत? पण रागात डोकं चालतं का कधी? मी तावातावाने जाऊन बसलो. आयुष्यात पहिल्यांदा ड्रमच्या काठ्या हातात घेतल्या. पहिल्या फटक्याला एक काठी सुटली ती थेट ढोकळ्याच्या ताटात. पाय लावायला गेलो तर हात थांबला, हात हलवला तर पाय थांबला. शेवटी बँजोवाल्याने दुसरी काठी माझ्या हातातून हळूच काढून घेतली.

खाली कुजबुज सुरू झाली. पहिल्या रांगेतल्या आजी सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाल्या, “बापाचं श्रेय लाटायला निघालाय मेला.”

तेवढ्यात बाबा उठले. शाल सारखी केली, माइक हातात घेतला. मला वाटलं, सुटलो. या माणसाने कंपनीतून कधी पेनसुद्धा घरी आणला नाही, हा खोटं बोलणार नाही.

“पोरगं तापट आहे,” बाबा म्हणाले. “गायक लोक असतातच तसे. तुम्ही मनावर घेऊ नका. झालं गेलं, मी काही त्याला बँडमधून काढणार नाही.”

काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! आजींनी डोळ्याला पदर लावला. कदमकाका माझ्याकडे बघत राहिले, सगळी सोसायटी बघत राहिली, आता मी काय करतो म्हणून.

काय करणार? वाकलो, आणि बाबांच्या पाया पडलो. माझ्या एकट्याच्या बँडमध्ये मला राहू दिलं म्हणून.