मागे बसलं की बंद पडणारी स्कूटर

आमची स्कूटर बंद पडायची ती फक्त सासूबाई मागे बसल्यावर. एरवी मी एकटी डोळखांबच्या पाड्यापाड्यांतून दिवसभर फिरले तरी तिची काही तक्रार नसायची. माझं काम आरोग्य खात्याच्या आशाताईंच्या कामावर देखरेख ठेवण्याचं, म्हणजे आज या पाड्यावर, उद्या त्या. रस्ते कसे आहेत ते विचारू नका. त्या सगळ्या रस्त्यांवर ती गुमान चालायची. पण आई मागे बसल्या आणि चढ लागला की मध्येच इंजिन बंद. आवाज नाही, झटका नाही. आई उतरायच्या, मी बटण दाबायचे आणि बाईसाहेब लगेच चालू.

पहिल्यांदा झालं तेव्हा आम्ही दोघी हसलो. आईंच्या भावाकडे चाललो होतो, त्याचं घर चढ संपल्यावर लागतं. दुसऱ्या वेळी मात्र गाडी मागे घसरली. मी दोन्ही पाय टेकून कशीबशी धरली, पण आई कडेच्या मुरुमावर पडल्या आणि त्यांचं कोपर सोलवटलं. त्याच्या पुढच्या खेपेला वळणावर एक बाई करवंदं घेऊन बसली होती. तिनं आमचा सगळा तमाशा पाहिला आणि हसत म्हणाली, "म्हातारी बसली की बंद, उतरली की चालू. गाडीला म्हातारी सोसत नाय गो!"

आईही हसल्या. करवंदंसुद्धा घेतली. पण त्यानंतर भावाकडे जायची वेळ आली तेव्हा म्हणाल्या, "तू जा गो तुझ्या कामाला. मी जाईन जीपनं." पुढे जीपनंही गेल्या नाहीत. अंगणवाडीत नातीला सोडायलाही त्या माझ्याबरोबर येईनाशा झाल्या. विचारलं की म्हणायच्या, "उगा कशाला तुझी गाडी बिघडवू?"

हे वाक्य मला झोंबलं, कारण ते आईंचं वाक्यच नव्हतं. आमचं घर बौद्ध. आजेसासऱ्यांनी धम्म घेतला तेव्हापासून या घरात नजर, मुहूर्त, पायगुण या शब्दांना थारा नाही आणि आईंनी तर आयुष्यभर त्यांची टर उडवली. मी लग्न होऊन आले त्याच पावसाळ्यात घरची म्हैस गेली. शेजारच्या काकूंनी दारात उभं राहून नव्या सुनेच्या पायगुणाचा विषय काढला. मी आत चुलीजवळ बसून ऐकत होते. आईंनी ओट्यावरूनच विचारलं, "म्हैस साप चावून मेली. माझी सून काय साप हाय?" त्या दिवसापासून माझ्या पायगुणाबद्दल त्या आळीत कुणी ब्र काढला नाही. आणि आता हीच बाई एका स्कूटरपायी स्वतःला अपशकुनी समजत होती. मला इतका राग आला की काय सांगू. आईंचा नाही, त्या गाडीचा आणि ती विकणाऱ्यांचा. गाडी वॉरंटीत होती. ती बरी करून घेईन आणि आईंना पुन्हा मागे बसवेन, असं मी मनाशी पक्कं केलं.

शोरूम शहापूरला, हायवेला लागून. पहिल्या वेळी त्यांनी प्लग साफ करून दिला. दुसऱ्या वेळी कॉम्प्युटर जोडून सॉफ्टवेअर अपडेट केलं. तिसऱ्या वेळी "पेट्रोल कुठल्या पंपावर भरता?" असं चौकशी केल्यासारखं विचारलं. दर वेळी एक जण गाडी घेऊन सर्व्हिस रोडवर एकटाच जायचा, केस उडवत परत यायचा आणि म्हणायचा, "मख्खन चालतेय, मॅडम."

"मागे माणूस बसवून चढावर न्या," मी सांगायचे.

"तसं काही नसतं, मॅडम. गाडीला काय कळतं मागे कोण बसलंय?"

"मग आमच्या सासूबाई बसल्यावरच का बंद पडते?"

यावर काउंटरच्या मागचा एक टाय लावलेला पोरगा म्हणाला, "मग आजींनाच बदलून घ्या, मॅडम, वॉरंटीत बसत असतील तर." बाकीचे खिदळले. दुसऱ्यानं, जरा समजूतदारपणे, विचारलं की डिलिव्हरीच्या वेळी पूजा केली नव्हती ना, नारळ वगैरे? मी विचारलं, नारळ वॉरंटीत येतो का? पण मी घरी येईपर्यंत रडकुंडीला आले होते, हे खरं आहे.

मग मी घरीच प्रयोग सुरू केले. मुलीला मागे बसवून चढावर नेली. बंद पडली नाही, पण ती काडी. नवऱ्याला म्हटलं, तुम्ही बसा. ते मुरबाडला कंपनीत जातात, स्वतःच्या मोटरसायकलवर. ते म्हणाले, "मी? तुझ्या मागं? शेणव्याच्या नाक्यावरून?" आणि असे हसले की जणू मी त्यांना माझी साडी नेसायला सांगितली होती. वर म्हणाले, मी चालवतो, तू बस. बसले. बंद पडली नाही. पडणार कशी, माझं वजन आईंच्या निम्मं. आई अंगानं चांगल्या भरलेल्या आहेत.

शेवटी तांदळाची गोणी मागच्या सीटला करकचून बांधली आणि चढाला लावली. त्याच वळणावर फुस्स! मी गोणीला मिठी मारायची तेवढी बाकी होती. धावत घरी येऊन सांगितलं, "आई, वजनानं बंद पडते! तुमच्यानं नाय, वजनानं!" आईंनी गोणीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "गोनी मीच शिवली ना गो ती."

शोरूमवाल्यांना सांगितलं तर ते म्हणाले, मॅडम, गोणी-बिणी बांधली हे मोठ्यानं बोलू नका, माल वाहिला म्हणून वॉरंटी जाईल.

वॉरंटी तशीही संपत आली होती. मी एक दिवसाची रजा टाकली आणि आईंना म्हटलं, "उद्या शहापूरला यायचंय. एकदाच बसायचं माझ्या मागं."

"बंद पडंल."

"बंद पाडायलाच बसायचंय."

आईंनी जरा विचार केला. "तेवढं मना जमतंय," म्हणाल्या. मला हसावं की रडावं कळेना.

शोरूममध्ये त्या दिवशी एक कुटुंब नवी गाडी घ्यायला आलं होतं. हार, पेढे, फोटो चालले होते. मी सर्व्हिस मॅनेजरच्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसले, आईंना शेजारी बसवलं आणि नव्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं की आज मी चावी तुमच्या माणसाकडे देणार नाही. तुम्ही स्वतः चला, चढापर्यंत. मॅनेजर इस्त्रीच्या शर्टातला, चाळिशीचा, तसा वाईट माणूस नव्हता. लांब आहे म्हणाला, हाताखाली माणसं कमी आहेत म्हणाला, उद्या बघू म्हणाला. मी म्हटलं, उद्याही मी इथेच असेन आणि परवाही. पेढे वाटणारी बाई आमच्याकडे वळून बघायला लागली. मग तो उठला आणि त्यानं स्वतःची मोटरसायकल काढली.

शेणवा सोडल्यावर आईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. एरवी त्या मागचा दांडा धरतात. चढ सुरू झाला, खड्डे सुरू झाले, खांद्यावरची बोटं घट्ट होत गेली. वळणावर गाडी बंद पडली. मी तयारच होते, दोन्ही ब्रेक दाबून धरली. "उतरू नका, आई," मी ओरडले. "त्यांना बघू दे."

मॅनेजर आला. बटण दाबून पाहिलं. काहीच नाही. आई उतरल्या, त्यानं पुन्हा दाबलं, गाडी चालू. तो विचारात पडला आणि मग नेमकं नको तेच बोलला. "आजी एका बाजूला बसतात ना, साडीवर. त्यानं तोल जातो. किंवा त्यांचा पाय कुठेतरी लागत असेल. आजींच्या बसण्यातच काहीतरी आहे, मॅडम."

आईंची मान खाली गेली. मी तोंड उघडणार होते आणि जे बोलले असते ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण आईच बोलल्या.

"मग तुमी बसा," त्या म्हणाल्या. "दोनी बाजूला पाय टाकून बसा. तोल बी नाय जाणार."

"मी चालवतो, मॅडम मागे बसतील," तो म्हणाला.

"तिचं वजन कुठं हाय? तुमी बसा तिच्या मागं."

मॅनेजरनं रस्त्याच्या दोन्ही टोकांना पाहिलं. मला त्याची अडचण कळत होती. ओळखीचं कुणी बघितलं तर काय, हीच. माझ्या नवऱ्याचीही हीच होती. सबंध तालुक्यात त्या स्कूटरच्या मागे बसायला एक बाप्या तयार नव्हता आणि त्यापायी एक म्हातारी स्वतःला दोष देत होती. मी गाडी खाली वळवून चढाच्या सुरुवातीला नेऊन लावली आणि वाट बघत उभी राहिले. तो चालत आला. बसला. हात कुठे ठेवायचे ते त्याला कळेना, म्हणून गुडघ्यांवर ठेवले.

"दांडा धरा, पडाल," मी म्हटलं.

निम्म्या चढावर माणसांनी भरलेली एक जीप वरून आली. आतल्यांनी आम्हाला पाहून जी आरोळी ठोकली ती पार उंबरमाळीपर्यंत गेली असेल. मॅनेजरनं मान माझ्या पाठीआड खाली घातली. मी हसले नाही. माझं सगळं लक्ष वळणाकडे होतं. आयुष्यात एखादी गाडी बंद पडावी म्हणून मी इतका जीव टाकला नव्हता. मोठा खड्डा आला, मागचं चाक आपटलं, आणि इंजिन बंद.

आई वरच्या अंगाला, झाडाच्या सावलीत उभ्या होत्या. "काय झालं?" त्यांनी ओरडून विचारलं.

"बंद पडली!"

"त्यांच्यानं?"

"त्यांच्यानं!"

आई पदर खोचून उतरत आल्या. एवढ्या भराभर चालताना मी त्यांना बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. जवळ येऊन त्यांनी मॅनेजरला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. तो अजून सीटवरच होता. वाकून सीटखाली काहीतरी पाहत होता, की नजर चुकवत होता, कोण जाणे. "तुमी बी एका बाजूला बसला होता काय?" आईंनी विचारलं. तो पहिल्यांदाच हसला. म्हणाला, "नाही, आजी. गाडीतच फॉल्ट आहे."

मग सगळं सरळ झालं. सीट काढून पाहिल्यावर कळलं की इंजिनला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाकडे जाणारी वायर बसवतानाच आखूड बसवली होती. मागे वजन आलं आणि खड्ड्यात चाक दबलं की ती ताणली जायची, जोड सुटायचा, पंप बंद. वजन उतरलं की जोड पुन्हा टेकायचा. सगळी वायरिंग वॉरंटीत बदलून मिळाली. गाडी परत आणायला आई माझ्याबरोबर आल्या. मॅनेजरनं त्यांच्यासाठी चहा मागवला आणि आपण होऊन ती जुनी वायर दाखवली. आईंनी ती बोटांत धरून ताणून पाहिली. "वजन कुणाचं बी असतं तरी?" त्यांनी विचारलं. "कुणाचंही," तो म्हणाला. आईंनी ते पुन्हा एकदा विचारलं आणि त्यानं पुन्हा तेच उत्तर दिलं, न कंटाळता. त्याबद्दल मी त्याला बरंचसं माफ केलं.

घरी न जाता आम्ही तशाच आईंच्या भावाकडे निघालो. शेणवा गेलं, चढ लागला, वळण आलं. गाडी वळणावरून चढून गेली, नुसता इंजिनचा आवाज जरा जड झाला. मी आनंदानं काहीतरी बोलणार होते, पण मागून आईच बोलायला लागल्या. आवाज एवढा बारीक होता की मला गाडी हळू करावी लागली.

"तुझा सासरा गेला तेवा मीच शेजारी होते गो. माझ्या हातचं पाणी प्याला आणि गेला. त्याच्या आदी माझी दोन पोरं बी माझ्या मांडीवरच गेली."

इतकी वर्षं मी त्या घरात होते. हे त्यांनी कधी कुणापुढे काढलं नव्हतं. मला मागे वळून त्यांचा चेहरा पाहता येत नव्हता आणि गाडी थांबवायचा धीर होत नव्हता.

"दादांना कावीळ झाली होती, आई," मी सासऱ्यांबद्दल म्हणाले.

"हां."

"आणि पोरांना?"

रस्ता वर चढत होता. मग त्यांनी माझ्या खांद्यावरचा हात काढला आणि मागचा दांडा धरला.

"ताप आलेला," त्या म्हणाल्या. "दोघांना बी नुसता ताप आलेला."