साडूंनी गाव बदललं, गल्लीसकट

गुपित पोटात ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत, गुपित फोडणारीही पाहिली आहेत. पण लग्नातल्या अक्षतांसारखं येईल त्याच्या हातात गुपित ठेवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, माझी थोरली आणि त्यांची धाकटी. त्यात दोन्ही घरं कर्नाटकातल्या भालकीत, एकाच गल्लीत. त्यामुळे गेली कित्येक वर्षं साडूंच्या प्रत्येक गुपिताचा पहिला मान माझा. माझ्याकडून निघाले की ते किराणा दुकानात जातात, तिथून टेलरकडे, तिथून चहाच्या गाड्यावर. "अण्णा, तुमाला म्हणून सांगायलो, कुणाला बोलू नका," हे वाक्य ते इतक्या खालच्या आवाजात म्हणतात की रस्त्याने जाणारा माणूसही काय चाललंय ते ऐकायला थांबतो. मग त्यालाही ते सगळं पहिल्यापासून सांगतात, कारण अर्धवट सांगणं त्यांना बरं वाटत नाही.

त्यांचा धंदा पाण्याच्या मोटारी वाइंडिंग करण्याचा, पण खरा व्यासंग जागा मिळवण्याचा. बसमधली जागा, पंगतीतली जागा, दवाखान्यातल्या बाकावरची जागा, कुठलीही चालते. पंगतीत वाढपी कोणत्या टोकाकडून सुरू करणार याचा ते आधी अंदाज घेतात, त्या टोकाला जाऊन बसतात, तेवढ्यात त्यांना दुसऱ्या टोकाची शंका येते आणि ते उठतात. असं करत करत बहुतेक लग्नांत ते शेवटच्या पंगतीला, नवरदेवाच्या ड्रायव्हरशेजारी जेवतात. बीदरच्या बसचं त्यांचं शास्त्र तर प्रसिद्धच आहे. उदगीरहून येणारी बस भालकीच्या स्टँडवर आली की चार रिकाम्या जागांसाठी चाळीस माणसं धावतात. साडूंनी शोध लावला की रिक्षाने उलटं मागच्या फाट्यावर जायचं आणि तिथंच बस धरायची. हा शोध त्यांनी स्टँडवर उभ्या असलेल्या प्रत्येकाला खासगीत सांगितला. परिणाम असा झाला की एका सोमवारी फाट्यावर एवढी गर्दी जमली की ड्रायव्हरने मोर्चा समजून बस थांबवलीच नाही. मी आळसामुळे स्टँडवरच उभा होतो, मला खिडकी मिळाली. साडू त्या दिवशी बीदरला पोचले ते दुपारी, पण पोचल्यावरही त्यांचा शास्त्रावरचा विश्वास ढळला नव्हता.

असा माणूस आपल्या एकुलत्या एक मुलीच्या शाळेसाठी काय करील याची कल्पना मला आधी यायला हवी होती. मुलीचं नाव नीलांबिका, घरात नीला. शांत पोर, डोक्याने चलाख. वडील सतत बोलत असल्यामुळे बोलण्याची तिला फारशी संधीच मिळाली नव्हती. आमच्याकडे सहावीपासूनची एक सरकारी निवासी शाळा आहे, राहणं-जेवण-शिक्षण सगळं सरकारचं आणि शिकवणं एक नंबर. प्रत्येक तालुक्याला तशी एक, आणि आत जायचं तर परीक्षा. नियम असा की मूल चौथी-पाचवी ज्या तालुक्यात शिकलं, त्याच तालुक्याच्या शाळेसाठी त्याने परीक्षेला बसायचं. भालकी तालुका मोठा, पोरं रगड, आणि जागा मात्र सगळीकडे सारख्याच. नीला तिसरीत असताना साडूंनी नकाशा पाहिला आणि त्यांचं बोट हुलसूरवर थांबलं. हुलसूर नव्यानेच तालुका झालेलं, गावं मोजकी, पोरं मोजकी, जागा तेवढ्याच. "अण्णा," ते मला म्हणाले, "बस हितं यायच्या आधी आपुन बसकडं जायचं." फाट्याची आठवण मी करून दिली, पण त्यांनी ती ऐकली नाही.

हे गुपित निदान जूनपर्यंत टिकायला हरकत नव्हती. पण मध्ये येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, आली. येळवशीला आमच्या भागात घरी कुणी जेवत नाही. सगळी माणसं शेतात, कडब्याची खोपटासारखी कोप करून पूजा, आणि मग सगळ्या भाज्यांची मिळून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील. रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून जेवायला बसवायचं, हा रिवाज. साडूंच्या भावाच्या शेतात त्या वर्षी अख्खी गल्ली होती. आंबील पोटात गेली की माणसाला गुंगी येते, साडूंना मात्र कंठ फुटतो. त्यातून पाहुण्याला जेवू घालायचं आणि मनातलं काही द्यायचं नाही, हे त्यांच्या रक्तात नाही. प्रत्येकाच्या ताटात भज्जी वाढताना ते वाकून कानात हुलसूरही वाढत गेले. मी माझ्या जागेवरून पाहत होतो. ज्या ज्या घरात तिसरीतलं मूल होतं, त्या त्या माणसाचा घास हातात थांबत होता. फक्त एका घराला ही बातमी गेली नाही. आमच्या पलीकडच्या घरातल्या मास्तरांशी गटाराच्या पाण्यावरून साडूंचं बोलणं बंद होतं, म्हणून ते जेवायलाही आले नव्हते.

जूनमध्ये साडूंनी हुलसूरजवळच्या एका खेड्यात भाड्याने घर घेतलं आणि स्वतःच्या छोट्या टेम्पोतून संसार हलवला. दुकान भालकीतच राहणार होतं. ते रोज टेम्पोने येणार-जाणार. सामान चढवायला अर्थात मी. माझी मेव्हणी टेम्पोत पुढे बसली, मांडीवर पिठाचा डबा, आणि मला म्हणाली, "दाजी, लोकांच्यात पोरगी नांदायला निघाली की गाव सोडती. हितं पोरगी शाळेत जाणार म्हणून मीच नांदायला निघालेय." साडू स्टिअरिंगवर खूश होते. त्या खेड्यात पोचलो तर शेजारच्या ओट्यावर आमच्या गल्लीतले टेलर मशीन उतरवून घेत होते. पलीकडे किराणावाल्याची बायको चूल सारवत होती. महिनाभरात भालकीची अर्धी गल्ली तिथं नांदायला लागली. गावातली मूळची माणसं विचारायची, "काय हो, तुमच्याकडं पूर आला व्हता का?" आणि साडू? त्यांना वाईट वाटलं असेल असं कुणाला वाटत असेल तर त्याला साडू कळले नाहीत. ओळखीची माणसं शेजारी आल्याचा त्यांना मनापासून आनंद झाला.

पुढची दोन वर्षं त्या घरात जे चाललं त्याला तयारी म्हणायचं की तमाशा, हे मी अजून ठरवलेलं नाही. शाळा कन्नड माध्यमाची, तेव्हा घरात मराठी बंद असा त्यांनी हुकूम काढला. पण साडूंचं कन्नड बाजारातलं. भाव करणं आणि शिव्या देणं एवढ्यापुरतं पक्कं. त्यामुळे जेवताना बाप-लेकीत जो काही संवाद व्हायचा तो भाजी मंडईतल्यासारखा वाटायचा. मेव्हणीने तीन दिवस सोसलं आणि चौथ्या दिवशी अस्सल मराठीत जे सुनावलं त्यानंतर हुकूम मागे घेण्यात आला. दुसरं खूळ पेटीचं. निवड झालेली पोरं पत्र्याची पेटी घेऊन जातात, म्हणून साडूंनी परीक्षेच्या कितीतरी आधी हिरवी पेटी आणली आणि बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरकडून तीवर कन्नडमध्ये पोरीचं पूर्ण नाव घालून घेतलं. पेंटरने विचारलं, "निकाल कवा लागला?" साडू म्हणाले, "लागंल की."

तिसरं खूळ सगळ्यांत मोठं. नीला एकटीच अभ्यास करते, तिला बरोबरीची पोरं हवीत, असं त्यांच्या मनाने घेतलं. "एकटं पळणाऱ्याला आपुन किती जोरात पळायलाव ते कळंल कसं?" असं म्हणून त्यांनी रोज सकाळी लिंगपूजा आटोपली की कपाळावरच्या ओल्या विभूतीनिशी ओट्यावर वर्ग भरवायला सुरुवात केली. जी पोरं नीलाची जागा घ्यायला तालुका बदलून आली होती, त्यांनाच हे गृहस्थ हाका मारून बोलवायचे. त्यातली सुमय्या, टेलरची मुलगी, हुशार होती पण अपूर्णांक म्हटलं की रडायची. साडूंनी तिच्यासाठी आतून ज्वारीची भाकरी मागवली आणि पाव, अर्धा, पाऊण तुकडे करून अपूर्णांक शिकवले. मेव्हणी म्हणाली, "आवं, आपल्या पोरीच्या ताटातली भाकरी वाटायलाव तुमी." साडूंना त्यात फक्त अपूर्णांकांचा हिशेब दिसला. नीला त्या हिरव्या पेटीवर बसायची आणि सुमय्याची पाटी तपासून द्यायची.

निकाल लागला. आमच्या गल्लीतल्या पोरांनी हुलसूर तालुका धुऊन काढला. ओट्यावरची बहुतेक पोरं लागली. शेवटची जागा सुमय्याला मिळाली, आणि तिच्यानंतर, प्रतीक्षा यादीत पहिली, नीलांबिका. भालकीत राहिलेल्या मास्तरांचा मुलगा मात्र नीलापेक्षा कितीतरी कमी गुणांवर भालकीच्या शाळेत लागला, कारण पुढे येणारी पोरंच हुलसूरला निघून गेल्यावर तिथं आता स्पर्धेला फारसं कुणी उरलंच नव्हतं. हे मी साडूंना सांगितलं. सांगायला नको होतं, पण मला राग आला होता. दोन वर्षं मेव्हणीने परक्या गावात पाणी भरलं होतं. साडू म्हणाले, "मास्तरचं पोरगं लागलं व्हय? बरं झालं."

तरी आशा होती. प्रतीक्षा यादीतली पहिली म्हणजे एकजण गळला की जागा नीलाची. आणि गळती होणार अशी चिन्हं दिसत होती, कारण टेलरच्या घरची माणसं मुलीला घराबाहेर वसतिगृहात ठेवायला राजी नव्हती. मेव्हणीने मला भालकीहून बोलावून घेतलं आणि दारातच म्हणाली, "दाजी, ह्यांना एवढंच सांगा, गप बसा म्हणावं. काय करायचं न्हाई, नुसतं गप बसायचं." मी साडूंना सांगितलं. त्यांनी मान हलवली. त्याच सकाळी टेलर ओट्यावर आले, टोपी काढून हातात धरली आणि साडूंना म्हणाले, "अण्णा, घरचे म्हणायलेत पोरीला घराबाहेर ठिवू नका. माझा बी जीव होईना. तुमी म्हणताव तसं करतो. धाडू का नको?"

मी साडूंकडे बघून डोळ्यांनी खुणावलं. मेव्हणी दारात उभी होती. नीला पेटीवर बसली होती. साडू बशीतल्या चहाकडे बघत बसले. इतकी वर्षं ओळखतो त्यांना, पण त्यांना तोंड उघडायला एवढा वेळ लागलेला मी कधी पाहिला नव्हता. टेलर जरा वेळाने पुन्हा म्हणाले, "सांगा की अण्णा." आणि साडू बोलले. "धाडा. तिचं डोकं असलं चालतंय, तिला मशीनखाली काजं-बटणं करायला कामून बसवताव? पैले चार दिस रडंल, मग इसरंल. रविवारी भेटायला माझ्या टेम्पोत चला." एकदा सुरू झाल्यावर मग ते थांबले नाहीत, वसतिगृहातलं जेवण, अंथरूण, डोक्याचं तेल, सगळं सांगून झालं. मेव्हणी आत निघून गेली. बऱ्याच दिवसांनी ती नवऱ्याशी बोलली, आणि तेही फक्त मीठ संपल्याचं.

टेलर गेल्यावर मी साडूंना म्हणालो, "अहो, जन्मात एकदा तोंड बंद ठेवायचं होतं."

"ठिवलं व्हतं की अण्णा," ते म्हणाले. "तुमी बघितलाव न्हवं? लई येळ ठिवलं."

"मग?"

"मग त्यांनी पुन्हा इचारलं."



जायच्या दिवशी टेम्पोही साडूंचाच होता. सुमय्याचे कपडे कापडाच्या पिशवीत होते; टेलरला पेटी घेणं जमलं नव्हतं. साडूंनी ती हिरवी पेटी ओट्यावरून उचलली, पुसली आणि मला रॉकेल आणायला सांगितलं, नाव पुसण्यासाठी. तेव्हा नीला बोलली. "अप्पा, नाव पुसू नका. पेटी जायलीय तर नाव बी जाऊ द्या." साडूंनी हातातलं फडकं तसंच खिशात कोंबलं आणि टेम्पोत जाऊन बसले. त्या दिवशी हुलसूरपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. मी शेजारी बसलो होतो, आणि त्यांनी काहीतरी गुपित सांगावं असं मला पहिल्यांदाच फार वाटत होतं.

आता गल्लीतली बरीच माणसं भालकीला परतली आहेत. साडू त्या खेड्यातच आहेत, कारण नीला गावच्या शाळेत रमली आणि ओट्यावर नव्या पोरांची गर्दी पुन्हा व्हायला लागली. वसतिगृहात पेटीवरचं नाव वाचून पोरी सुमय्यालाच नीलांबिका म्हणतात म्हणे, आणि तीही ओ देते. सुट्टीत ती आली की आधी साडूंकडे येते. मागच्या येळवशीला मी तिथं होतो. सगळे तिला मार्क विचारत होते, जेवण विचारत होते. साडूंनी तिच्या ताटात भज्जी वाढली, कानाशी वाकले आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात, त्यांच्या जन्मात पहिल्यांदाच खरोखर खालच्या आवाजात, विचारलं, "माय, पेटी बरी हाय न्हवं? नावाचा रंग उडाला न्हाई ना?"