फोटोच्या जागी काजवे

ह्यांचं वर्षश्राद्ध तोंडावर आलं, तेव्हा धाकटे दीर ह्यांचा फोटो मोठा करून, चौकटीत बसवून, वर चंदनाचा हार घालून घेऊन आले. ब्रह्मा घाटावरच्या आमच्या मराठी घरांत रीतच आहे ती. वर्ष झालं की गेलेला माणूस बैठकीच्या भिंतीवर चढतो. फोटो बँकेच्या ओळखपत्रावरचा. साहेबांनी रजा नाकारल्यासारखं तोंड. छे! ह्या माणसाबरोबर मी संसार केलाच नव्हता.

आणि बैठकीतल्या खिळ्यावर मी काढलेलं चित्र आधीच लागलेलं होतं. काजव्यांचं.

हे निवृत्त झाले त्या पावसाळ्यात आम्ही दोघं चकियाच्या पुढे जंगलात गेलो होतो. मला धबधबा बघायचा होता, ह्यांना वाटेतले सामोसे खायचे होते. परतताना गाडी चिखलात रुतली. मी वैतागले, तोंडाला येईल ते बोलून घेतलं. तेवढ्यात अंधारून आलं आणि नाल्याकाठच्या झाडात काहीतरी लुकलुकलं. मग बघता बघता अख्खं झाड! एकदम उजळायचं, एकदम विझायचं. हे म्हणाले, "बघ, म्हणूनच रुतवली गाडी." थापाडे कुठले! एक काजवा ह्यांच्या शर्टाच्या खिशात शिरला आणि कापडातून चमकत राहिला. तो उडू नये म्हणून हे श्वास रोखून उभे. हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं. पुढचा पावसाळा यायच्या आत हे गेले.

ते झाड मी वर्षभर रंगवत होते. शाळेत जन्मभर चित्रकला शिकवली, पण काजव्याचा रंग काही जमेना. पिवळा घातला की दिवाळी दिसायची, हिरवा घातला की सिग्नल. शेवटी कच्च्या लिंबाच्या सालीसारखा एक रंग सापडला. अंधाराला काळा वापरलाच नाही. निळ्यात गडद हिरवा मिसळून थरावर थर दिले.

पण घरात येणाऱ्या एकालाही काजवे दिसले नाहीत. रात्रंदिवस चिता जळतात तो मणिकर्णिका घाट आमच्याकडून लांब नाही. अंधार आणि त्यात उडणारे ठिपके म्हटले की इथल्या माणसाला एकच गोष्ट सुचते. जाऊबाई दारातच थबकल्या, "अगंबाई, वहिनी, चिता काढलीत?" शेजारच्या पंडिताइनने तर चित्रालाच हात जोडले. आता काय बोलायचं ह्यांना!

दीर स्टूल घेऊनच उभे राहिले. "वहिनी, उतरवू या हे. परवा गुरुजी येतील, नातेवाईक येतील. चितेच्या ठिणग्या कुणी घरात टांगतं का?"

"काजवे आहेत ते."

"असतील. पण लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत! मला काय त्याचं?"

"मग दादाचा फोटो कुठे लावायचा?"

"तुमच्या घरी लावा. ही भिंत माझी आहे."

ते तरी स्टुलावर चढले आणि चित्राला हात घातला.

"खबरदार, भावजी!" मी ओरडले. खाली गल्लीत ऐकू गेलं असेल. जाऊ दे गेलं तर.

त्यांचा हात थांबला, पण तोंड नाही. "एवढा कसला हट्ट? ठिणग्या अशाच उडतात, वहिनी. अगदी अशाच. मी समोर उभा होतो."

"तुम्ही उभे होतात," मी म्हणाले. "मला ह्या घरात बसवून ठेवलंत. बायका घाटावर येत नाहीत म्हणालात. किती रडले, तरी नेलं नाहीत. ती चिता मी पाहिलीच नाही, मग काढणार कुठून?"

दीर स्टुलावरून उतरले. फोटो भिंतीला टेकवून खालीच बसले. चित्राकडे बघत म्हणाले, "मला मात्र दादाचं तेवढंच आठवतं."

मला वाईट वाटलं. फार वाटलं. पण चित्र मी उतरवलं नाही.