टीचरचे लाल आकडे

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टींची टिंगल करणारा माणूस आहे. आमच्या घरात ना नवस, ना अंगारा. बाबा भीमगीतांना पेटी वाजवायचे आणि कुणी भुताचं बोललं की म्हणायचे, "पत्ता दे त्याचा, भेटून येऊ." मीही तसाच. म्हणूनच हे लिहायला दोन वर्षं लागली.

मी पियानो वाजवतो, शिकवतो आणि स्वतःच्या रचना लिहितो. संभाजीनगरात राहून हे करतो म्हटलं की लोक आधी विचारतात, "आणि कामधंदा काय?" असो. पियानो मला छावणीतल्या सुलोचना टीचरनी शिकवला. नवव्या वर्षापासून सायकल दामटत त्यांच्याकडे जायचो. लहानपणी हापशात सापडून त्यांच्या उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट कायमचं आखडलं होतं. त्या बोटाशिवाय त्या जे वाजवायच्या, ते मला दहा बोटांनी अजून जमत नाही.

पियानोच्या कागदावर सुरांच्या डोक्यावर बारीक आकडे लिहितात - कुठला सूर कुठल्या बोटानं वाजवायचा ते. अंगठा एक, करंगळी पाच. टीचर लाल पेन्सिलीनं लिहायच्या, आणि उजव्या हाताच्या आकड्यांत चार कधीच नसायचा. मी स्वतः रचना करायला लागलो तेव्हा त्यांनी एक नियम घातला - रचना पूर्ण झाली असं त्यांना वाटलं, तरच त्या आकडे घालणार. "आकडे पडले की ते तुझं नाय राहिलं. वाजवील त्याचं झालं," म्हणायच्या.

माझ्या एका रचनेला मात्र त्या आकडे घालेनात. हर्सूल तलावावर सकाळी बसून सुचलेली ती रचना. तिचा शेवट मी तीनदा बदलून नेला. तिसऱ्या वेळी त्यांनी कागद तसाच परत दिला. "लई घाई केलीस रे. माणूस अजून उंबऱ्यात हाय अन् तू दार लावून घेतलंस."

माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "टीचर, तुम्हाला आता ऐकू कमी येतंय."

त्यांनी फक्त चष्मा काढून पुसला. "आसंल बाबा," म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात जाऊन माफी मागू, असं मी ठरवलं होतं. दोन आठवडे गेलोच नाही... आणि मग एका सकाळी त्या गेल्याचाच फोन आला.

त्यांनी पियानो माझ्या नावानं ठेवला होता. टेम्पोतून हर्सूलला आमच्या घरी आणला. दोन महिने मला त्याचं झाकण उघडवलं नाही. मग चौथ्यांदा शेवट लिहायला बसलो. ऐकवायला कोण होतं आता? तरी लिहिला.

तो मंगळवार होता. सकाळी अकराला शेवटचं पान पूर्ण झालं. मी त्याचा फोटो काढून पुण्याच्या मित्राला पाठवला. तो फोटो अजून आहे, त्यात पानावर एकही आकडा नाही. माझी बायको करुणा शाळेत शिकवते, ती सकाळीच गेली होती. दुपारी मी पियानोच्या आत लावायला नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, तुकडा आणायला शहागंजला गेलो. घराला कुलूप, किल्ली माझ्या खिशात. साडेतीनला परत आलो.

पान स्टँडवरच होतं. त्यावर लाल आकडे होते. पहिल्या ओळीपासून शेवटच्या सुरापर्यंत.

मी परत जाऊन दाराचं कुलूप तपासलं, खोटं कशाला बोलू. आणि मग मी जे केलं त्याची लाज आजही वाटते. कुणीतरी चेष्टा केली असणार, हे छापून आणलं असणार, म्हणून खात्री करायला मी खोडरबर घेतलं आणि अगदी शेवटच्या सुरावरचा आकडा घासला. तो सहज निघाला. खरी पेन्सिल होती. कुठला आकडा होता ते घाईत बघितलंही नाही... दोन असेल, तीन असेल. फोटो काढायचं सुचलं ते त्यानंतर.

मग वाजवायला बसलो. उजव्या हाताला कुठेही चार नव्हता. चौथं बोट वापरायचं नाही म्हटल्यावर हात सरळ घसरत नाही, जागोजाग उचलून ठेवावा लागतो. त्या उचलण्यात क्षणभर थांबणं येतं. माझी सगळी घाई त्या थांबण्यात निघून गेली. एक सूरही न बदलता शेवट बदलला होता. टीचर म्हणत होत्या तसा माणूस सावकाश उंबरा ओलांडून गेला. मी रडत होतो आणि वाजवत होतो. शेवटच्या सुराशी आलो आणि हात तसाच वर राहिला. तिथे आकडा नव्हता, मीच खोडला होता.

करुणा पाचला आली. पान बघून म्हणाली, "तुम्हीच लिहिलं असंल हो, भानावर नसताना." असेलही. पण आमच्या घरात लाल पेन्सिल नव्हती. आणि ते मला सुचलं असतं, तर तीनदा त्यांच्याकडे कशाला गेलो असतो?

आता लाल पेन्सिल आणून ठेवली आहे, टोक करून, पानाशेजारी. शेवटचा सूर कुठल्याही बोटानं वाजवता येतो, माझे विद्यार्थीही तेच म्हणतात. मला नाही वाजवता येत. त्यांनी कुठलं बोट सांगितलं होतं ते मला हवंय. कार्यक्रमात दुसऱ्या रचना वाजवतो. ही फक्त घरी, रोज संध्याकाळी वाजवतो, आणि सुरू करण्याआधी मोठ्यानं म्हणतो, "टीचर, चुकलं माझं."

शेवटाशी येऊन थांबलो की करुणा स्वयंपाकघरातून विचारते, "आला का आकडा?"

मी पान बघतो. "नाय अजून," म्हणतो, आणि झाकण उघडंच ठेवून उठतो.